बाकीच्या खुर्च्या गेल्या कुठे?

...अहो, लायब्ररीची चूक मुळीच नाही, ती बिचारी ऐकते, शब्दाला शब्द ऐकते, हेच तर दुखणं आहे. तुम्हाला सांगतो, फर्निचर विकण्यात उभा जन्म गेला, संगणक आपला आपण शिकलो, आणि दुकानाची वेबसाइटही स्वतःच केली. कशासाठी? तर आरामखुर्च्या गोदामात धूळ खात पडल्यात, आणि एक गृहस्थ नवं लॉज काढताहेत, ते म्हणाले, "शेठ, साइट पाठवा, बसल्याजागी बघतो."

आता जावास्क्रिप्टची लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, तयार हुकमांची. त्यातला एक हुकूम, सिब्लिंग्ज. पानावर एकाच चौकटीत मांडलेल्या वस्तू ही भावंडं. एकीवर बोट ठेवा, हा हुकूम तिला सोडून बाकीची सगळी गोळा करून देतो. मी म्हटलं, झकास, गिऱ्हाइकाने बोट ठेवलं ती खुर्ची दिसेल, बाकीच्यांना सांगायचं, लपा. लपल्या की हो... ऐकते ना ती.

बायकोला दाखवलं. तिने बोट ठेवलं आणि म्हणते, "अहो, फोन नंबर कुठे गेला?" कुठे जाणार? तोही त्याच चौकटीत, म्हणजे तोही खुर्चीचा भाऊ, तोही लपला. मग हुकमात घातलं, भावंडं हवीत, पण फक्त बसायच्या वस्तूच. नंबर आला, मी खूश, तर ही म्हणते, "आणि लपलेल्या परत कशा यायच्या?" म्हटलं, "तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते," आणि दिली साइट पाठवून.

दुपारी लॉजवाल्यांचा फोन. "शेठ, साइट उघडताना अंगठा कुठेतरी लागला, पण स्टूल छान आहे हो, न्हाणीघरात ठेवायला दोन पाठवा."

स्टूल? अहो, सगळ्यात वर तेच, प्लास्टिकचं; अंगठा पडला त्याच्यावर, आणि माझ्या सागवानी आरामखुर्च्या त्या स्टुलाची भावंडं ठरून गेल्या लपून. परत या, असं मी कुठे लिहिलं होतं? आणि न सांगता करेल ती लायब्ररी कसली, ती ऐकते...

मी चाचरत म्हटलं, "साहेब, आरामखुर्च्यांचं काय?"

"त्या घेतल्या ना, तुमच्या समोरच्याच दुकानातून, सगळ्या खोल्यांना. राग मानू नका शेठ, पण साइट एवढी छान केलीत, आता एखादी आरामखुर्चीही ठेवत चला."

म्हटलं, "बरं साहेब, ठेवतो."