काकाचा खर्रा, माही डिग्री

डिग्रीशिवाय बढती नाही म्हणाले ना गा, म्हणून मी चाळिशीत श्वसनोपचाराच्या पदवीले बसलो. तोवर दवाखान्यात नुसते ऑक्सिजनचे सिलिंडर ढकलून राहिलो होतो.

शेवटच्या प्रॅक्टिकलले श्वास मोजायच्या यंत्रात फुंकायले माणूस आपलाच आणायचा होता. मी रामटेकवरून सख्ख्या काकाले आणलं. रोज गड चढणारा माणूस, छाती म्हणजे लोहाराचा भाता!

मुंबईचे परीक्षक म्हणाले, "या नळीत जोरात फुंका."

काका नुसती मान हलवते. गाल फुगलेले, डोळ्यात पाणी, तोंड लालबुंद.

परीक्षक घाबरले. "अहो, यांचा श्वास अडकलाय! काय झालंय, सांगा लवकर!"

मी जवळ जाऊन वास घेतला. "सर, खर्रा."

"म्हणजे?"

"तंबाखू-सुपारी, सर. तोंड भरून आहे."

"मग उपचार?"

मी बेसिन दाखवलं. काका रागारागात थुंकला अन् असा फुंकला, की यंत्राचा काटा शेवटाले जाऊन टेकला. मी पास!

बाहेर आल्यावर मी पाया पडलो, तर काका भडकलेलाच. "तुले डिग्री भेटली बाप्पा, पण माह्या ताज्या घोटलेल्या खर्र्याचं काय?"