मले पढीन चावला तेव्हा

हसू नका, पण मले एकदा मासा चावला होता. वैनगंगेतला पढीन, हाताएवढा लांब, मिशावाला. टोपलीत मेल्यासारखा पडून होता, म्हणून गळ काढाले त्याच्या तोंडात बोट टाकलं, अन् त्यानं जबडाच मिटला.

रक्त पाहून बायको म्हणे, "दवाखान्यात जा. अन् मासाही घेऊन जा."

"काऊन?"

"साप चावला तर साप नेतेत ना? नाईतर डॉक्टरले कसं समजन काय चावलं ते? पण वापस आणजा, मसाला वाटणं सुरू आहे माझं."

डॉक्टर नवीन, पुण्याकडचे. पिशवीत वाकून पाह्यलं, पट्टी बांधली, इंजेक्शन देलं अन् गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मासा विषारी आहे का, ते तपासावं लागेल. राहू द्या इथेच."

साहेबाले नाई कोण म्हणन? बायकोनं त्या मसाल्यात वांगे टाकले. बोटापेक्षा तेच जास्त झोंबले.

दुसऱ्या दिवशी पट्टी बदलाले गेलो. भीत भीत विचारलं, "साहेब, विष निघालं का माशात?"

"अजिबात नाही," डॉक्टर म्हणाले. "घरात चौघांनी खाल्ला, चौघंही ठणठणीत आहोत."