बाळूचा आवाज येईपर्यंत

जमलेल्या समद्या माणसांनो, आन् पुढं बसलेल्या काकू, मला बोलायला उभं केलंय खरं, पण दत्तूआप्पांविषयी हळू आवाजात बोलायचं मला जमत न्हाई. आवाज चढला तर सांभाळून घ्या. ती सवय आप्पांनीच लावली.

आप्पा आपल्या कारखान्याचे इन्स्ट्रुमेंट इंजिनियर. मी बाळू, मांडवगणचा, मिलकडं ऊस वाहून नेणाऱ्या कॅरियरवरचा गडी. कारखान्यात मशिनींचं नेटवर्क नवीन आलं, तवाची गोष्ट. एकाच केबलवर मिल, पंप, कॅरियर, समद्यांना चालवणारे डबे. आम्हाला वाटायचं, लग्नातली दिव्यांची माळ हाय, एक काढला की समदे गेले. आप्पा हसायचे. म्हणायचे, "अरे, पुढं जायची तार प्लगातच जोडलीय. डब्यातनं प्लग उपसला तरी बाकीची लाईन पळती." आन् चालत्या मिलमधी उपसून दाखवायचे. काय ऐट होती त्या माणसाची!

पण एक रीत होती. आधी वरडायचं, "काढू का?" ज्याचं मशीन, त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, "काढा." जोडतानाही तसंच. मान हलवलेली चालायची न्हाई. दुसऱ्यानं सांगितलेलं तर मुळीच न्हाई.

तर ऐका. ऐन हंगाम, पाटसच्या रस्त्यापर्यंत उसाच्या गाड्या, आन् कॅरियरचा डबा गेला. कॅरियर थांबला, मिल चालूच. आप्पा वरडले, "काढू का?" मी म्हटलं, "काढा." ते नवा डबा बसवायला लागले. मला वाटलं, येळ हाय, तवर खालचं पाचट काढावं. शिरलो कॅरियरच्या खाली.

वर आप्पांचा डबा तयार. प्लग हातात. "जोडू का?" मिलच्या त्या आवाजात मला काय ऐकू येतंय?

मॅनेजर साहेब शेजारी, हे मला मागनं कळलं. म्हणाले, "आप्पा, मिलच्या तोंडावरच्या चुटातला ऊस संपत आला. मिल रिकामी फिरंल. जोडा."

आप्पा म्हणाले, "बाळूचा आवाज न्हाई आला."

"तो असंल तिथंच कुठंतरी."

"व्हय साहेब. कुठं, तेच पायजे."

तवा प्लग बसला की कॅरियर आपसूक सुरू व्हायचा, बटण दाबायचं कामच न्हाई. म्हंजी मी कुठं असतो, सांगायला पायजे का?

आप्पांनी प्लग खिशात घातला. खिशात! दुसऱ्या कुणी जोडू नये म्हणून. आन् मला शोधत आले पळत, कॅरियरखाली वाकून बघितलं. माझा पाय धरून मला बाहेर ओढलं. मला वाटलं आता कानाखाली बसती. तर म्हणतात कसे, "वर चल. आता तुझ्या तोंडानं सांग."

मी कॅरियरच्या कडंला उभा राहिलो आन् असा वरडलो की मिलवाले वळून बघाय लागले. "जोडा!" आप्पांनी खिशातला प्लग बसवला, कॅरियर हालला, ऊस पुढं सरकला, चुटात पडला. मिल थांबली नव्हती. आम्ही शिट्ट्या मारल्या. मॅनेजर साहेबांनीही मारली, त्यांना नीट येत न्हाई ती गोष्ट वेगळी.

त्या दिवसानंतर माझं लगीन झालं, पोरं झाली. ती समदी त्या खिशातल्या प्लगामुळं. काकू, हे मी घरी येऊन सांगायला पायजे होतं. आज सांगतोय.

परवा आप्पा झोपेतच गेले. ज्या माणसानं जन्मभर विचारल्याबिगर एक प्लग काढला न्हाई, त्यो जाताना कुणालाच काही विचारून गेला न्हाई. आप्पा, एकदा विचारायचं होतं, "काढू का?" मी आवाज दिलाच नसता. आन् माझा आवाज आल्याबिगर तुम्ही काढलं नसतं.

आता आपण समदे उभं राहू. घटकाभर कुणी बोलू नका. मिल चालूच ठेवलीय, तिचा आवाज येऊ द्या.

रामराम, आप्पा.