माळवस्तीचं पॅकेट

न्हाय न्हाय सायब, पेटीला हात लावू नका — आधी ऐका तर! चेअरमननी तुमास्नी पुण्याहून बोलवून घेतलं, मच्छिंद्रनं कम्प्युटर बिघडवला म्हणून, व्हय ना? बिघडवला न्हाय. सेटिंग बदललं म्या, आज सकाळी, चांगला शुद्धीवर असताना. का? सांगतो की. गावोगावच्या टाक्यांवर तुमच्याच कंपनीनं यंत्रं बसवली — टाकी आटली की बिनतारी पॅकेट, म्हंजी निरोप, या पेटीत येतंय, पेटी कम्प्युटरला इंटरप्ट देती, म्हंजी हाक मारती, मग कागद निघतो अन् आमच्या संस्थेचा टँकर सुटतो. कागदाबिगर न्हाय, चेअरमनचा कायदाच हाय तसा. पर तुमी काय करून ठेवलं — सोळा पॅकेटं जमल्याबिगर हाकच मारायची न्हाय! वडाप जीपसारखं, भरल्याबिगर हलायचं न्हाय. मोठ्या गावांचं काय, त्यांची सकाळी एकदमच धडाधड येत्यात, सोळा भरत्यात. अन् त्यांच्या मागनं आलेलं माळवस्तीचं एकटं पॅकेट? बसलं सोबतीची वाट बघत. काल टँकर पोचला सांजच्याला, तवर माणसं विहिरीतला गाळ गाळून प्याली, सायब!

म्हणून एकावर आणलं. आलं पॅकेट की मार हाक. — काय? कम्प्युटरला दम खायला वेळ मिळंना? ठाऊक हाय वो, बारकं यंत्र हाय, दर हाकंला हातातलं काम टाकून उठायचं म्हणल्यावर दमणारच. पर यंत्राचा दम मोठा का गरिबाचं पाणी? म्या काय माझ्यासाठी केलं व्हय? माझं कोण हाय तिथं — म्हंजी, चांगुणा हाय. बायको माझी. बाळंतपणाला माहेरी, माळवस्तीला गेलीय, परवाच पोरगी झाली. पर तिच्यासाठी न्हाय केलं म्या! अन् केलं तरी काय झालं? ओली बाळंतीण ती, गाळाचं पाणी पिती… भ्या वाटतंय वो मला, लई भ्या वाटतंय.

बरं, मधलं काय न्हाय का? सोळा भरू द्या, न्हायतर ठरल्या टायमाला निघा, एसटी निघती तसं? — असतंय? अरं मग बसवतानाच का न्हाय केलं! करा, आत्ता करा. उघडा पेटी. आज माळवस्तीची फिकीर न्हाय म्हणा, सकाळपासनं त्यांचा कागदच निघाला न्हाय, म्हंजी पाणी असंल… आं? कुणाचाच निघाला न्हाय? हाका मारून मारून कम्प्युटर अडकलाय, अन् पॅकेटं मागं तुंबल्यात? असू द्या, कुणाकुणाची हायत ती वाचा. — वाचा की. सरका, मला बघू द्या.

माळवस्ती.

सकाळचं हाय हे… सरका सायब. कागदाबिगरच टँकर काढतो म्या, वाटंतनं सरका.