मामाजींचा बॉम्ब

हसू नका, पण माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, व्हिडिओ गेमचं वेड लागलंय. भंडाऱ्याच्या बाजारात मला आमच्या लहानपणीचा तो रणगाड्यांचा गेम दिसला आणि मी हौसेने घरी आणला. आता चहासुद्धा टीव्हीपुढेच.

आमचं भांडण हत्यारावरून. मी म्हणते तारा भारी, कारण तारे घेत गेलं की तोफ लोखंडी भिंतही फोडते. मामाजी म्हणतात, "तारा-फारा काई नाई. बॉम्ब उचलला का पडद्यावरचे सारे दुश्मन एका झटक्यात खलास!"

परवा दोघं खेळत होतो, तेवढ्यात दिघोरीहून आमच्या शेताशेजारच्या शेतकऱ्याचा फोन आला. या माणसाने आमच्या धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे भातशेताचा बांध, कोरून स्वतःची जागा वाढवली होती. मामाजींचे दोन्ही हात रिमोटवर, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

"भाऊ, धुरा काई मागं सरकत नाई. काय करता करून घ्या!"

नेमका तेव्हाच माझ्या रणगाड्याजवळ बॉम्ब चमकला. मामाजी फोनबिन विसरून ओरडले, "अवो सूनबाई, काय पाहून राहिली? उचल तो बॉम्ब! आज एकालेबी जित्ता सोडत नाई!"

मी उचलला. टीव्हीतून धडाधड स्फोट झाले.

 मग फोनवरून अगदी बारीक आवाज आला, "भाऊ, धुरा उद्याच मागं घेतो ना मी. तुम्ही तेवढं सूनबाईले आवरा."