चोवीस पेट्यांची भिंत

लुडविक : अहो बाई, बाजूला व्हा! तो मधमाश्यांचा जाण्यायेण्याचा रस्ता आहे. पेटीकडे समोरून नाही, मागून जायचं असतं, माश्यांच्या या घराच्या आतून.

डार्लीन : आई गं! चावलीच. आमच्या ओहायोत पेट्या कुरणात सुट्या ठेवलेल्या असतात हो. वरचं झाकण काढायचं. मी झाकणच शोधत होते.

लुडविक : झाकण कुठलं? चोवीस पेट्या एकावर एक, भिंतच आहे ही. मागून कपाटासारखं दार उघडायचं. अलेन्का, पोरी, कांदा कापून आण आणि यांच्या मनगटावर चोळ. विद्यापीठातल्या बाईंना एवढं सांगून आणायला काय झालं होतं तुला?

अलेन्का : चुकलंच, काका.

डार्लीन : थांबा, थांबा. सगळ्या पेट्या भिंतीत? मग आमचे वजनकाटे कुठे बसणार? प्रत्येक पेटीखाली एक, असं ठरलंय. अलेन्का, तू अर्जात काय लिहिलंस?

अलेन्का : चोवीस पेट्या, चोवीस काटे. इथे पेट्या मोजून गेले आणि राजधानीत, ल्युब्लियानात बसून भरला मी तो. मला वाटलं, पेटी म्हणजे पेटी.

लुडविक : शाब्बास. आणि मला एक सांग, युरोपातल्या आठ देशांचं हे पेट्या तोलायचं काम, त्यात अमेरिका कशाला हवी?

अलेन्का : काटे त्यांच्या विद्यापीठाचे, काका. आठही देशांचे आकडे तिथेच जुळवले जातात, आम्हाला कुणाला ते जमत नाही. कुठली जागा काट्यांना योग्य, तेही डार्लीनबाईच ठरवतात. आज यादी जायची आहे. ही जागा गळली तर आपल्या देशाची एकही राहत नाही. दोन वर्षं धडपडतेय हो मी!

डार्लीन : पेट्या बाहेर काढून कुरणात मांडता येतील?

लुडविक : येतील. मी मांडणार नाही. हे घर माझ्या आजोबांनी बांधलंय. थंडीत एका पेटीला दुसरीची ऊब मिळते. आपापल्या रंगाची फळी बघून माश्या घरी शिरतात. त्यांना उचलून गवतात ठेवायचं, का, तर अमेरिकेचा काटा तिथे मावतो म्हणून? गाळा आमचं नाव. हा गोड पाव खा, आमची पोतित्सा, आणि सुखाने जा.

डार्लीन : अक्रोडाची ना? ...अगदी माझ्या आजीच्या हातची!

लुडविक : तुमची बोलीही तिचीच दिसते. असं बोलणारं शेवटचं माणूस आमच्या गावातून कधीच गेलं.

डार्लीन : हसा, हसा. ती इथून क्लीव्हलंडला आली तेव्हा सोबत एवढंच घेऊन आली, पोतित्सा आणि ही भाषा.

लुडविक : मग आणखी एक तुकडा घ्या. मी आलोच. सगळ्या माश्या घरी परतल्या, आता काटा बघायला हवा.

डार्लीन : काटा? तुमच्याकडे काटा आहे?

(दाराआडून लोखंडी वजन सरकवल्याचा आवाज.)

अलेन्का : काका, मला कधी बोलला नाहीत!

लुडविक : तू विचारलंस कधी? भिंतीतल्या पेट्या मोजल्यास आणि गेलीस. ही पंचविसावी, कोपऱ्यातली, काट्यावरच असते. रोज संध्याकाळी वजन बघायचं आणि वहीत लिहायचं. इकडे पुष्कळ जण करतात. कुठलं झाड किती मध देतंय ते एका पेटीवरून कळतं.

डार्लीन : किती वर्षांच्या वह्या आहेत?

लुडविक : अडतीस. मी आजारी पडलो की बायको लिहायची. तिच्या गोलगरगरीत वळणाचे आकडे दिसले की समजायचं, मी पांघरुणात होतो.

डार्लीन : बघू? ...हे काय? सत्तावीस जून एक्क्याण्णव. ‘लिंडनचं झाड फुललंय. साडेतीन किलो वाढ. रस्त्यावर रणगाडे.’

लुडविक : हो, आमच्या स्वातंत्र्याची लढाई सुरू झाली तो दिवस.

डार्लीन : आणि तुम्ही वजन करत बसलात?

लुडविक : माश्या कामावर गेल्या होत्या ना. मग मीही गेलो.

डार्लीन : अलेन्का, आमच्या सगळ्या काट्यांकडे मिळून चार वर्षांचे आकडे आहेत. चार! ही जागा यादीत ठेव. एक पेटी, अडतीस वर्षं.

अलेन्का : पण प्रत्येक पेटीखाली काटा, हा विद्यापीठाचा नियम...

डार्लीन : मीच लिहिलाय तो. तू ल्युब्लियानात बसून अर्ज भरलास, मी ओहायोत बसून नियम केला. दोघी सारख्याच शहाण्या. मी बदलते. बाकीच्या सात देशांनाही विचारते, कुणाच्या घरी अशा वह्या आहेत का.

अलेन्का : मला रडूच येतंय.

लुडविक : रड, पण वहीवर नको. माझी एक अट आहे. वह्या घराबाहेर जाणार नाहीत.

डार्लीन : फोटो चालतील?

लुडविक : चालतील. पण तुमचा काटा म्हणे आपला आपणच लिहितो. तो इथे बसला की मग संध्याकाळी मी काय करायचं?

डार्लीन : तुम्ही लिहायचंच, काका. आमचा काटा रणगाडे लिहीत नाही.

लुडविक : ...घ्या पेन. आजचं तुम्ही लिहा. बेचाळीस किलो, दोनशे ग्रॅम.

डार्लीन : लिहिलं. पुढे?

लुडविक : लिहा, सफरचंद फुललंय. पाहुणी समोरून आली.