पांढऱ्या मातीवरचं तळं

माझं नाव हिरा. म्हायेर मुरबाडच्या पल्याड, डोंगराच्या पायथ्याला, आनि सासर हे शहापूर तालुक्यातलं, आटगाव टेसनावर उतरायचं, जीपनं आत यायचं आनि मंग ही चढन चालायची, तुमी आता चाललात ना ताई, दमलात, मी ओटीवरनं बगत होते. आधी पानी प्या. तर आमी दोनी बाजूंनी भातवाले. राब भाजायचा, चिखलनी करायची, आवनी करायची, बांध फुटला की रात असो दिवस असो फावडं घेऊन पळायचं, काय सांगू तुमाला, माझा जल्मच चिखलात गेला. माती म्हंजे आमाला दोनच ठाव्या, खाचरातली आनि वरकसातली. खाचरात पानी राहतं, तिथं भात. वरकसात राहत नाय, तिथं नाचनी, वरी करा आनि गप बसा. तिसरीबी एक माती असते हे मला कोन सांगनार होतं.

तुमी त्या तळ्याचं इचारलंत. सांगते, पन मदी टोकू नका, मी भरकटले तरी माझी मी परत येते.

आमचे मालक खड्डे खनायचे. हसू नका, तो पोटाचा धंदा होता. मातीच्या सर्वेचं हापिस असतं, ती मानसं गावोगाव छातीभर खड्डा खनून मातीचे थर बगतात, कुठं काय पिकंल ते लिवतात. आमच्या वरकसात आली तवा ह्यांनी खड्डा खनून दिला, भिंत अशी सरळ की ओळंबा लावून बगा. साहेब खूश झाले, बोलले नामदेव, आमच्यासंगं चल. दिवाळी झाली, भात झोडून झालं की हे जायाचे ते शिमग्याला परत. दोन वर्सं मी ऐकलं, तिसऱ्या वर्सी मी बोलले तुमी तिकडं कच्चं-पक्कं खाऊन वाळून येताव, मीबी येते, सगळ्यांच्या भाकऱ्या करते. पोरं सासूबाईंकडं ठेवली. सासूबाई बोलल्या, जा बाय, नवरा सांभाळ, पोरं काय पळून जात नायत.

त्या वर्सी कच्छमदी गेलो. जीपमदून उतरले आनि पयलं इचारलं, झाडं कुठं गेली? आमचा ड्रायव्हर शंकर, आपल्याच वाशिंदचा, तो बोलला वयनी, झाडं मागच्या गाडीनं येतात. आसा तो माळ. जमीन करडी, फुटलेली, पाय ठेवला की वरचा पापुद्रा करकन मोडायचा आनि पाय बोटभर आत, खाली सगळं भुसभुशीत. मदी मदी काटेरी झुडपं आनि वाळून गेलेलं बोटभर गवत, त्याच्यावर गुरं सोडलेली. मी बोलले अरे देवा, ही गुरं खातात काय, हवा?

पन मालकांनी खड्डा खनला आनि मी बगतच रायले. वर हातभर चिकनी माती, ओली केली की बोटाला धरनारी, अगदी आमच्या खाचरासारखी, तिनंच आमचा घात केला बगा. तिच्याखाली सगळं पांढरं. कुठं पिठासारखा भुगा, कुठं काचंचे तुकडे, उनात डोळं दिपायचे. मी एक तुकडा घेतला, नखानं खरवडला तर भुगा निघाला, म्हंजे काच नाय. साहेब बाटलीतला तेजाबाचा थेंब टाकून बगायचे. चुना असला की फसफसतो, हे ढिम्म. बोलले हिराबाई, हे जिप्सम, इकडं चिरोडी बोलतात, ह्याची रांगोळी होते. आनि बोलले हे पान्यात विरघळतं, साखरंसारखं भसकन नाय, पन विरघळतं, म्हनून ह्या जमिनीत पानी धरून राहत नाय, आतल्या आत वाटा करतं. मी हां हां केलं आनि भाकऱ्या थापायला गेले. कानात गेलं ते, डोक्यात नाय गेलं. मालकांच्या तर कानातबी गेलं नसंल.

आमच्या तंबूपासून हाकंच्या अंतरावर जेठीबेनचं झोपडं. विधवा बाई, माझ्याहून धा वर्सांनी मोठी, पंधरा-वीस गाया आनि एक लेक. रोज सांजच्याला तांब्याभर दूध आनून द्यायची. ती तिचं कच्छी बोलायची, मी माझं हे, आनि आमी तासतास बोलायचो, कुनाला किती कळलं देव जाने. तिच्या झोपड्यामागं एक सखल जागा, परातीसारखी पसरट. गुरांच्या खुरांनी वर्सानुवर्स तुडवून तुडवून तिथली चिकनी माती सिमेटसारखी बसलेली. पौषात एक दिवस अवचित पाऊस पडला, तासभरच, पन ती परात भरली. जेठीबेनला कोन आनंद! मला हाताला धरून नेलं, दोन बोटं दाखवली, दोन म्हयने गुरांना पानी. नायतर तिला तो चारा सोडून गुरं घेऊन लांब कुठं विहिरीच्या गावाला जावं लागायचं.

आता गप बसावं ना मानसानं. पन आमचे मालक. बोलले हिरे, हे पसरट पानी उनानं आटंल गो, मदी खोल करू, कडंनं बांध घालू, चार म्हयने पुरंल. आनि मीबी बोलले, करू या, बिचारी दूध देते. पान्याचं आमाला कोन शिकवनार, आमी भातवाले! जेठीबेन दोनी हात हलवून नको नको करीत होती, आमाला वाटलं आमच्या कष्टाचं बोलतेय. अर्ध्या दिवसात ह्यांनी मदोमद गोल पाळ घालून पानी बाजूला अडवलं आनि आत छातीभर खनलं. पांढरं लागलं. मी बोलले अवो पांढरं लागलं. बोलले लागू दे, चिखल करून लिंपून टाकू. लिंपलं. पाळ फोडली तसं पानी सगळं त्या खड्ड्यात आलं, गाया पिऊन गेल्या, आमी दोघं कमरंवर हात ठेवून गावच्या पाटलासारखी उभी.

सकाळी पानी अर्धं. दुपारपतूर तळाला चिखल आनि त्या चिखलात एक भोक, उंदराच्या बिळायेवढं. मालकांनी हात घातला तर कोपरापतूर आत गेला. करायला गेलो गनपती आनि झाला मारुती. शंभर वर्सं गुरांनी तुडवून बसवलेलं झाकन आमी एका दुपारी फोडून टाकलं.

जेठीबेन काठावर येऊन बसली. रडली नाय, ओरडली नाय. ओरडली असती तर बरं झालं असतं ताई. सांजच्याला नेहमीसारखा दुधाचा तांब्या घेऊन आली. साहेब बोलले नामदेव, मी सांगितलं होतं. सांगितलं होतं, खरंच होतं त्यांचं.

मालक तवापासून दिवसभर हापिसाचे खड्डे खनायचे आनि उन कललं की जेठीबेनच्या तळ्यात. पांढरा भुगा खरवडून काढला, वरची चिकनी माती परत भरली, आमच्या पिंपातलं पानी मारलं, आनि मंग जेठीबेनच्या गाया त्याच्यात गोल गोल फिरवल्या, चिखलनीला बैल फिरवतात तशा. जेठीबेन एका बाजूनं हाकत होती, हे दुसऱ्या बाजूनं. सहा दिवस. पन भरायला पाऊस कुठं होता? गुरांना आमच्या टँकरचं पानी देत होतो, ते किती पुरनार. सातव्या दिवशी तिनं झोपड्याच्या दाराला काटेरी फांदी लावली आनि गुरं घेऊन निघाली. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला भडभडून आलं. मी तिच्या पायाला हात लावायला वाकले तर तिनं वाकू दिलं नाय.

आमी शिमग्याला घरी आलो. पुडं हे बाकीच्या ठिकानी लय फिरले, पन त्या माळावर परत जानं झालं नाय. आनि एकच घोर लागला. आमच्या खाचराचा बांध लिंपताना हात थांबायचा, इचारायचे, राहिलं असंल का गो पानी तिथं? मी बोलायचे मला काय ठावं, मी काय तिथं बसलेय? भाद्रपदात इचारायचे, पौषात इचारायचे. पोरांची लग्नं झाली, नातवंडं झाली, ह्यांचं तेच, राहिलं असंल का गो. एकदा मी चिडून बोलले, जल्मभर संसाराचा येवढा घोर नाय केलात तुमी. ते बोलले, संसार तू करतेस ना.

मागल्या वर्सी छातीचं दुखनं लागलं. डाक्टर बोलला आता घरीच ठेवा, काय गोड लागंल ते द्या. ह्याच ओटीवर खाट टाकली होती, तुमी बसलात तिथंच. शंकरची नोकरी संपत आली होती, त्या थंडीत तो शेवटचा तिकडं जानार होता, त्याला मी हात जोडले, बोलले भावजी, तेवढं बगून या. एक दिवस दुपारी त्याचा फोन आला, मी मागच्या पडवीत जाऊन घेतला. बोलला वयनी, नाय राहिलं पानी. पुढल्याच पावसाला भोक परत उघडलं, आता तिथं शेळी उतरंल येवढा खड्डा हाय. पन त्या बाजूला नळाचं पानी आलंय, सिमेटचा हौद बांधलाय, जेठीबेनची गुरं हौदावर पितात. बाई हयात हाय, थकलीय. मी नाव सांगितलं तर हसायला लागली, हातानं खनल्यासारखं करून इचारते, तो हाय का अजून?

मी तोंड धुतलं आनि ओटीवर आले. ह्यांनी इचारलं, कुनाचा फोन? मी बोलले शंकरभावजींचा, जेठीबेननं आठवन काढली, आनि तळं भरलंय, गुडघाभर पानी हाय. हे आढ्याकडं बगत रायले, मंग गालातल्या गालात हसले. बोलले, गुडघाभर कसं गो? बुजवताना आपन वीतभर तर खोली ठेवली होती.

मी उगाच पदरानं त्यांचं कपाळ पुसत बसले. मंग हे बोलले, गुरं पितात ना? मी बोलले पितात. हे खरं होतं ताई, येवढं तरी खरं होतं. बोलले, मंग झालं. आनि कूस बदलून झोपले. परत कधी इचारलं नाय. चौथ्या दिवशी गेले.

यंदाचा बांध मी आनि सुनेनं घातला. गुडघे बोलतात माझे, पन चालतंय. तुमी हे सगळं लिवा, तळं फोडलं ते लिवा, मी खोटं बोलले तेबी लिवा. जेठीबेनच्या गुरांना जल्मभर पानी मिळो, हौदाचं असो, ढगाचं असो, कुनाच्याबी हातचं असो.